अडचणीतल्या बिल्डरचा शेअर: घेण्याआधी रांग मोजा

दोनशेचा शेअर बारा रुपयांवर आला की आपल्या मनात एकच हिशेब सुरू होतो: आता आणखी पडून पडून किती पडणार? उत्तर सरळ आहे, बारा रुपये. म्हणजे शंभर टक्के. दोनशेला घेतलेल्याचे ९४ टक्के गेले, बाराला घेणाऱ्याचे शंभर जाऊ शकतात.

मी असा एक शेअर १८ रुपयांना घेतला होता. कंपनीचं नाव राहू दे. पुस्तकी मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून कागदोपत्री शेअरमागे उरणारी रक्कम, नव्वदच्या वर, वार्षिक अहवालात लँड बँकेचे (राखून ठेवलेल्या जमिनींचे) हिरवेगार फोटो आणि एजीएममध्ये (वार्षिक सभेत) चांगला चहा-सामोसा. त्या जमिनीवर कोणाचा बोजा आहे, विकलेले फ्लॅट पुरे करायला किती पैसे लागणार आहेत, हे मी पाहिलंच नव्हतं. दीड रुपयाला विकून मोकळा झालो. त्यानंतर असा कुठलाही शेअर डोळ्यांत भरला की मी ज्या क्रमाने तपासतो, तो क्रम पुढे देतो आहे.

रांगेत तुम्ही शेवटी आहात

दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटण्याचा क्रम लिहिलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण घेऊन बसलेले कर्जदाते आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी. मग इतर कर्मचारी, मग विनातारण आर्थिक धनको, मग सरकारी देणी, मग उरलेले सगळे, त्यांच्यानंतर प्रेफरन्स शेअरवाले. आणि दाराशी, चपलांपाशी उभे इक्विटी शेअरधारक. फ्लॅट बुक केलेल्या लोकांनाही २०१८ च्या दुरुस्तीपासून आर्थिक धनको मानतात, म्हणजे तेही तुमच्या पुढेच. हा क्रम कंपनी मोडीत काढतानाचा असला, तरी कंपनी कोणी विकत घेतो तेव्हाही वाटाघाट याच क्रमाच्या सावलीत होते.

डीएचएफएल बिल्डर नव्हती, बिल्डरांना कर्ज देणारी होती, पण उदाहरण चपखल बसतं. पिरामल समूहाने ती हजारो कोटी मोजून घेतली. जून २०२१ मध्ये शेअर बाजारातून उठला आणि शेअरधारकांच्या हाती शून्य आलं. "कंपनीला खरेदीदार मिळाला" ही बातमी ऐकून शेवटच्या आठवड्यांत शेअर उचलणारेही त्यात होते. खरेदीदाराने दिलेला पैसा रांगेतल्या पुढच्या माणसांपर्यंतच संपला.

म्हणून शेअर स्वस्त आहे का, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. आधी विचारायचं ते हे: रांगेत माझ्यापुढे कोण कोण आहे, त्यांचं मिळून देणं किती, आणि ते भागवून काही उरतं का?

पहिली पायरी: साइटवर जा

ताळेबंद नंतर. आधी कंपनीचे दोन-तीन मोठे प्रकल्प निवडा आणि कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास तिथे जाऊन या. रविवारी गेलात तर सेल्स ऑफिसमधली गर्दी दिसेल, तिचा उपयोग नाही. बघायचं ते असं: टॉवर क्रेन हलते आहे की नुसती उभी आहे? आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या आत-बाहेर करताहेत का? सेंट्रिंग नवं लागतं आहे की महिनोन्महिने तेच आहे? वरच्या मजल्यांच्या सळया गंजून तांबूस पडल्या असतील, तर काम थांबून एक पावसाळा तरी गेलेला आहे. गेटसमोरच्या टपरीवर चहा घ्या. लेबर कॅम्पमध्ये पूर्वी किती माणसं होती आणि आता किती, हे टपरीवाल्याला कंपनीच्या संचालकांपेक्षा नेमकं ठाऊक असतं, कारण त्याची उधारी त्यावर चालते.

मुंबईत पुनर्विकासाचे प्रकल्प असतील, तर आणखी एक खूण आहे: जुन्या रहिवाशांचं भाडं, म्हणजे त्यांचं घर पाडल्यावर बिल्डरने त्यांना द्यायचं भाडं. बिल्डरकडे पैसा कमी पडला की बँकेचा हप्ता सांभाळायला तो आधी भाडं लांबवतो. रहिवासी बँकेसारखा लगेच कोर्टात जात नाही, हे त्याला माहीत असतं. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांचं भाडं असंच थांबलं. तो प्रकल्प एचडीआयएल या बिल्डर कंपनीच्या उपकंपनीकडे होता, आणि अखेर २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला. कंपनीच्या तिमाही निकालात या कुटुंबांसाठी वेगळा रकाना नव्हता.

दुसरी पायरी: महारेरा आणि नोंदणी कार्यालय

घरबसल्या मिळणारी, फुकटची आणि तरीही फारसं कोणी न उघडणारी ही माहिती आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या नियमनाचा कायदा, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याखालच्या राज्यातल्या नियामकाच्या, महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचं पान असतं. तिथे मूळ पूर्णत्वाची तारीख, वाढवून घेतलेली तारीख, एकूण सदनिका आणि विकलेल्या सदनिका, वास्तुविशारदाचा दाखला, जमिनीवरचा बोजा, चालू खटले, एवढं तरी सापडतं. दर तिमाहीला ही माहिती अद्ययावत करणं बंधनकारक आहे. २०२३ मध्ये महारेराने ती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी स्थगित करून बँक खाती गोठवली होती. तुमच्या कंपनीच्या एकाही प्रकल्पाची तिमाही माहिती थकली असेल, तर त्यामागे आळसापेक्षा मोठं कारण आहे असं धरून चाला.

एक वही घ्या आणि प्रत्येक प्रकल्पापुढे तीन आकडे लिहा: किती टक्के फ्लॅट विकले, किती टक्के काम झालं, आणि तारीख कितीदा पुढे गेली. विक्री ८५ टक्के आणि बांधकाम ४० टक्के असं चित्र दिसलं, तर ग्राहकांचा पैसा दुसरीकडे गेला असण्याची शक्यता मोठी आहे. विकण्यासारखं थोडंच उरलं आहे आणि बांधायचं निम्म्याहून जास्त बाकी आहे. विश्लेषक अहवालात "८५ टक्के विक्री पूर्ण" हे कौतुकाने छापलेलं असतं. माझ्या वहीत त्याच ओळीखाली लाल रेघ असते.

रेरानुसार ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून बांधकाम आणि जमिनीसाठीच वापरायचे असतात, आणि काढताना वास्तुविशारद, अभियंता व सीए यांचे दाखले लागतात. १ जुलै २०२४ पासून महारेराने एका प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली आहेत. त्यामुळे नव्या प्रकल्पांतला पैसा पळवणं अवघड झालं. पण संकटातल्या बहुतेक कंपन्यांचं दुखणं जुनं असतं.

महाराष्ट्रातल्या प्रकल्पांसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचा गोषवारा, बघता येतो. ब्रोशरमध्ये भाव १४ हजार रुपये चौरस फूट आणि गेल्या सहा महिन्यांतले नोंदलेले करार ११ हजारांनी झालेले, असं दिसलं तर पुढच्या हिशेबात ११ हजारच धरा. एकाच दिवशी वीस-पंचवीस फ्लॅट एकाच नावावर किंवा एखाद्या फायनान्स कंपनीच्या नावावर गेले असतील, तर ती विक्री नसून कर्जाची परतफेड असू शकते.

तिसरी पायरी: कर्ज किती, आणि कोणाचं

एकूण आकड्यापेक्षा कर्ज कोणी दिलं आहे हे जास्त बोलतं. बिल्डरची तब्येत ठीक असते तेव्हा त्याला सरकारी आणि मोठ्या खासगी बँका कर्ज देतात. बिघडत गेली की एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) येतात, आणखी बिघडली की १८-२० टक्क्यांनी देणारे फंड. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी कोसळली, एनबीएफसींचा स्वतःचाच पैसा आटला, आणि त्यांच्यावर जगणारे बिल्डर रांगेने आडवे झाले. त्यांचे प्रकल्प एका दिवसात वाईट झाले नव्हते, जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडण्याचा रस्ता बंद झाला होता. म्हणून पुढच्या १२ महिन्यांत किती परतफेड आहे, हा आकडा एकूण कर्जाच्या आधी शोधा.

तो वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये मिळतो. कोणती मालमत्ता कोणाकडे गहाण आहे, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर चार्जच्या यादीत दिसतं. पतमापन संस्थांची टिपणं त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत असतात. ती पूर्ण वाचा, नुसतं अक्षर बघू नका. 'डी' म्हणजे हप्ता चुकलेला आहे. "कंपनी सहकार्य करत नाही" असा शेरा असेल, तर मी फाईल तिथेच मिटतो. कर्जाचा हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला, तर जानेवारी २०२० पासून सेबीच्या नियमाने ते एक्स्चेंजला २४ तासांत कळवावं लागतं, तेव्हा कंपनीच्या जुन्या घोषणाही चाळा.

ऑडिटरच्या अहवालात तीन जागा बघायच्या: कंपनी पुढे चालू राहील का याविषयीची शंका, 'कारो'मधला (ऑडिटरने ठरावीक मुद्द्यांवर द्यायच्या निवेदनातला) कर्ज थकल्याचा परिच्छेद, आणि टीडीएस-पीएफसारखी थकलेली सरकारी देणी. पीएफ थकवणाऱ्या कंपनीचा पगार वेळेवर होत असेल, असं मला तरी कधी दिसलं नाही. ऑडिटर मुदतीआधी राजीनामा देऊन गेला असेल, तर त्याचं राजीनामापत्र एक्स्चेंजवर असतं.

कर्ज फक्त बँकेचंच असतं असं नाही. पुण्यात डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्समध्ये हजारो ठेवीदारांच्या मुदत ठेवी अडकल्या, ते प्रकरण आपल्याकडे घराघरात माहीत आहे. असे ठेवीदारही शेअरधारकाच्या पुढेच उभे असतात. समूहातल्या दुसऱ्या कंपन्यांसाठी दिलेली हमी ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाही, ती आकस्मिक देण्यांच्या टिपेत लपलेली असते.

चौथी पायरी: नफा विसरा, रोख बघा

२०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ या लेखा मानकामुळे बहुतेक बिल्डर इमारत पूर्ण होऊन ताबा देण्याच्या टप्प्यावर महसूल दाखवतात. म्हणजे या तिमाहीत दिसणारा नफा चार-पाच वर्षांपूर्वी विकलेल्या फ्लॅटचा असतो. एखाद्या तिमाहीत अचानक मोठा नफा आला आणि शेअर वरच्या सर्किटला (दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला) लागला, तर बहुधा एका टॉवरला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गंमत व्याजाची. चालू बांधकामावरचं व्याज खर्चात न दाखवता मालसाठ्याच्या किमतीत मिळवता येतं. रखडलेल्या प्रकल्पाचं पुस्तकी मूल्य त्यामुळे काम रेंगाळलं तरी फुगत जाऊ शकतं. "पुस्तकी मूल्याच्या पाव पटीत मिळतोय" या वाक्याची जान इथेच संपते.

बघायचं ते ग्राहकांकडून प्रत्यक्ष आलेली वसुली, बांधकामावर गेलेला खर्च आणि भरलेलं व्याज. सलग आठ तिमाह्या वसुलीतून बांधकाम आणि व्याज दोन्ही निघत नसेल, तर कंपनी उधारीवर श्वास घेते आहे.

पाचवी पायरी: कागदावरचा हिशेब

समजा, एका कंपनीचे २० कोटी शेअर आहेत, भाव १२ रुपये. म्हणजे बाजारमूल्य २४० कोटी. पुस्तकी मूल्य शेअरमागे ४५ रुपये, कर्ज ४८० कोटी. वरवर पाहता फुकट.

आता प्रकल्पांची बेरीज करू. विकलेल्या फ्लॅटवाल्यांकडून यायचे ६०० कोटी. न विकलेल्या फ्लॅटची आजच्या भावाने किंमत १,०९० कोटी. दोन्ही मिळून १,६९०. सगळे प्रकल्प पुरे करायचा खर्च १,०७०. उरले ६२०.

पण अडचणीतल्या बिल्डरचा फ्लॅट कोणी पूर्ण भावाने घेत नाही. १० टक्के सूट आणि ब्रोकरेज-जाहिरातीचे ६ टक्के धरले, की न विकलेल्या मालातून सुमारे १७४ कोटी गेले. उरले ४४६. कार्यालय, पगार, वकील यांचे वर्षाला ४० कोटी, चार वर्षांचे १६०. उरले २८६. जमीन पुस्तकात ९०० कोटींची आहे, पण काही तुकडे वादात, काही नुसत्या विकास करारावर, म्हणून ५०० धरू. झाले ७८६. त्यातून कर्ज ४८० वजा, राहिले ३०६ कोटी. बाजारमूल्य २४०! इथे थांबणारा माणूस शेअर घेतो.

थांबू नका, व्याज राहिलं. १४ टक्क्यांनी पहिल्या वर्षी ६७ कोटी. कर्ज हळूहळू फिटत जाईल म्हणून सरासरी निम्मं धरलं, तरी चार वर्षांत १३४ कोटी. उरले १७२. उशिरा ताब्याची भरपाई, कराचे वाद आणि दिलेल्या हमीपोटी ९० कोटी बाजूला काढले, तर ८२ कोटी. वीस कोटी शेअरना वाटले, तर प्रत्येकी चार रुपये. भाव बारा.

आणि घरांचे भाव आणखी १० टक्क्यांनी उतरले तर? १,०९० चे १०९ गेले, म्हणजे ८२ चे उणे २७ झाले. प्रकल्प एक वर्ष लांबला, तर व्याज आणि कार्यालयीन खर्च मिळून ७५ कोटींच्या आसपास अजून जातात. एवढ्या पातळ कडेवर हा शेअर उभा आहे. हे आकडे माझ्या कल्पनेतले आहेत. पण खऱ्या कंपनीचे भरायला बसलात, तर एका रविवारचं काम आहे, आणि कोणता आकडा मिळत नाही हेही बरंच काही सांगून जातं.

सहावी पायरी: मालक काय करतो आहे

दर तिमाहीला जाहीर होणाऱ्या शेअरधारणेत प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत ते असतं. निम्म्याहून जास्त तारण असतील, तर भाव थोडा पडला की कर्जदाता ते बाजारात ओततो, त्याने भाव आणखी पडतो, आणि पुढचा कर्जदाता विकायला येतो. समूहातल्या कंपन्यांना दिलेली कर्जं आणि ठेवी यांचा आकडा संबंधित पक्षांच्या टिपेत वाचा. कंपनीला बँकेचा हप्ता भरता येत नाही, पण प्रवर्तकाच्या भावाच्या कंपनीला बिनव्याजी दिलेले ८० कोटी परत मागता येत नाहीत, असं दिसलं तर पुढचा हिशेब कशाला करायचा?

एचडीआयएलचं प्रकरण आठवा. २००७ मध्ये ५०० रुपयांना आयपीओ (पहिली जाहीर शेअर विक्री). ऑगस्ट २०१९ मध्ये एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) दिवाळखोरी प्रक्रिया दाखल, आणि पुढच्याच महिन्यात पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध. बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्के याच समूहाकडे होती आणि हजारो बनावट खात्यांआड लपवलेली होती. बाहेरच्या गुंतवणूकदाराला ती खाती दिसणं शक्य नव्हतं. तारण शेअर आणि रखडलेले प्रकल्प मात्र वर्षानुवर्षं दिसत होते.

सातवी पायरी: पडून उठणारे कसे दिसतात

डीएलएफचा आयपीओ २००७ मध्ये ५२५ रुपयांना आला. २००८ च्या पडझडीनंतर भाव रांगत राहिला आणि २०१६ च्या सुरुवातीला शंभराच्याही खाली गेला. पुन्हा ५२५ दिसायला २०२३ उजाडलं. मग १०० च्या खाली घेणाऱ्याने तुक्का मारला का? पूर्ण नाही. या कंपनीकडे भाड्याने दिलेल्या कार्यालयांचा मोठा पोर्टफोलिओ होता, म्हणजे फ्लॅट विकला नाही तरी दर महिन्याला येणारा पैसा. २०१७ मध्ये त्या भाडे व्यवसायातला सुमारे एक तृतीयांश हिस्सा सिंगापूरच्या जीआयसीने घेतला, आणि प्रवर्तकांनी त्यातून आलेला पैसा कंपनीत परत ओतून कर्ज उतरवलं. युनिटेककडे ती उशी नव्हती. २००८ च्या पडझडीआधीच्या तेजीतली ही लाडकी कंपनी पुढे पेनी स्टॉक झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने केंद्र सरकारने तिचं संचालक मंडळच बदललं.

लोढांची मॅक्रोटेक एप्रिल २०२१ मध्ये ४८६ रुपयांना बाजारात आली, तेव्हा कर्जाचा डोंगर बघून अनेकांनी नाक मुरडलं. त्यात मीही होतो. पण तिथे घरं विकली जात होती, वसुली येत होती आणि नव्या शेअर विक्रीतून आलेला पैसा कर्जाकडे जात होता. तीन वर्षांत निव्वळ कर्ज बरंच खाली आलं. त्या कंपनीवर कर्ज मोठं होतं, पण ती अडकलेली नव्हती. हा फरक मला तेव्हा ओळखता आला नाही.

यावरून मी तीन खुणा ठरवल्या आहेत. कर्जदात्यांशी लेखी तोडगा झालेला असावा. थांबलेल्या प्रकल्पात पैसा शिरून क्रेन हललेली असावी, मग तो केंद्राच्या स्वामिह निधीचा असो वा दुसऱ्या कोणाचा. आणि प्रवर्तकाने स्वतःच्या खिशातून पैसा घातलेला असावा, तोही रोख, वॉरंटच्या (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काच्या) नुसत्या घोषणेने नव्हे, कारण वॉरंटवर सुरुवातीला २५ टक्केच भरावे लागतात. स्वामिहचा पैसा आला म्हणून हुरळूनही जाऊ नका. तो घरं पुरी करण्यासाठी दिलेला असतो, आणि परतफेडीत तोही तुमच्या पुढेच असतो.

तिन्ही खुणा दिसेपर्यंत भाव १२ चा २० झालेला असेल. होऊ द्या.

एनसीएलटीत अर्ज दाखल झाला असेल, तर मी घेत नाही. प्रक्रिया सुरू असतानाही शेअरचे व्यवहार चालू राहू शकतात, टेलिग्रामवर "रिझोल्यूशन येतंय" च्या अफवा उठतात, आणि सलग पाच सर्किटं लागतात. त्या खेळात कोण कोणाला माल विकतो आहे, ते तुम्हीच ठरवा.

घेतलाच तर

एकूण गुंतवणुकीच्या दोन टक्क्यांवर नाही, आणि भाव पडला म्हणून सरासरी करायला दुसऱ्यांदा नाही. घेण्याच्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा की काय झालं तर विकायचं: एखादा हप्ता चुकला, ऑडिटर गेला, रेराची तारीख आणखी एकदा पुढे सरकली, तारण शेअर वाढले. यातली एक गोष्ट घडली की तोट्यात असाल तरी बाहेर पडा, आणि व्यवहार चालू असतानाच पडा. बाजारात विकून झालेला तोटा, विवरणपत्र वेळेत भरलं असेल, तर आठ वर्षं पुढे ओढून भांडवली नफ्यातून वळता करता येतो. शेअरचे व्यवहार एकदा थांबले की घ्यायला कोणी नसतो, आणि तो तोटा कर खात्याला पटवून देणंही जिकिरीचं होतं. माझ्या एका मित्राच्या डिमॅटमध्ये असा एक शेअर गेली कित्येक वर्षं दिसतो आहे. संख्या पाच हजार, किमतीच्या रकान्यात आडवी रेघ.